कोरडा खडू

“किल्ली ठेवा इथे,” अध्यक्ष हेग म्हणाले आणि त्यांनी स्नूकरच्या टेबलाच्या कडेवर बोट आपटलं.

डोरीन बूथरॉइड दारातच उभी होती, जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर. गिरणी कामगारांच्या त्या क्लबात बायकांनी ती रेषा ओलांडायची नाही, असा नियम होता. हातात बादली असेल तर चालायचं. आज रविवार, बादली नव्हती, म्हणून ती बाहेर. आणि आत ठेवणीतले कोट घालून कमिटीचे पाच जण तिचा न्यायनिवाडा करायला बसले होते.

काल क्लब लीगची फायनल हरला होता. कॅप्टन नॉर्मन शॉ, तोही कमिटीतलाच, शेवटचा काळा चेंडू मारायला वाकला आणि त्याच्या क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक पांढऱ्या चेंडूवरून सटकलं. खडू ओला होता, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. क्यूच्या टोकाला घासायचा निळा खडू सांभाळायचं काम सफाईवाल्या डोरीनचं. झालं, चोर सापडला.

“एकोणीस वर्षं सांभाळतेय मी,” डोरीन म्हणाली. “घट्ट झाकणाचा बिस्किटांचा डबा, आत फडक्यात बांधलेले कोरडे तांदूळ. खिडकीपासून लांब ठेवते. गरम पाइपाला चिकटूनही ठेवत नाही, नाहीतर भुगा होतो. कधी तक्रार आली?”

“काल आली ना!” खजिनदार म्हणाला. दोघं-तिघं हसले.

“कालचा खडू डब्यातला नव्हताच. शुक्रवारी ह्या नॉर्मननं अर्धा खोका तळघरात नेऊन ठेवला. विचारा त्याला.”

“मग? तळघर थंड असतं,” नॉर्मन म्हणाला. “बिअर तिथे ताजी राहते, खडू का नाही राहणार?”

यावर कोणी हसलं नाही. एवढीच त्या कमिटीची अक्कल. तळघर नदीला लागून होतं आणि नोव्हेंबरात त्याच्या भिंतींना पाणी सुटायचं. तिथे रात्रभर राहिलेला खडू टोकावर नीट बसतच नाही. चिखलासारखा थापला जातो, वर चकाकी धरतो, आणि चकाकलेलं टोक घसरतंच. हे डोरीनने ह्याच पाच जणांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी तिला चहा आणायला पाठवलं होतं.

“डब्यातला खडूही तसलाच असणार. खोका एकच,” नॉर्मन म्हणाला. “उगाच माझ्यावर ढकलू नकोस, डोरीन.”

“डब्यातला कोरडा ठणठणीत आहे. उघडून बघा आत्ता.”

“अगं, खडू असा बघून कळत नाही. खेळून कळतो. आणि खेळातलं तुला काय डोंबल कळणार?”

डोरीनने आता मान खाली घालून माफी मागितली असती, तर हेगनी चार शब्द सुनावून किल्ली तिच्याकडेच राहू दिली असती. आजवर असंच होत आलं होतं. आणि ती किल्ली तिला हवी होती. रोज पहाटे पाचला ती दार उघडायची, बादली भरायच्या आधी टेबलावरचा दिवा लावायची आणि कोपऱ्यातला एक क्यू उचलायची. दिवसाकाठी तेवढाच एक तास तिचा स्वतःचा होता. कमिटीतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

“खेळूनच सांगतेय,” ती म्हणाली. “काल सकाळी, डब्यातल्याच खडूनं. एका दमात एकशे चार गुण. एकदासुद्धा टोक सटकलं नाही.”

पाचही माना भिंतीवरच्या लाकडी फळीकडे वळल्या. क्लबातली सर्वांत मोठी खेळी तिच्यावर सोनेरी अक्षरांत रंगवलेली होती. नॉर्मन शॉ, अठ्ठ्याऐंशी.

“ती फळीसुद्धा मीच पुसते,” डोरीन म्हणाली.

“कोणाच्या परवानगीनं?” हेग ओरडले. “कोणाच्या परवानगीनं टेबलाला हात लावलात?”

“बाई टेबलावर!” खजिनदार म्हणाला. “कापड फाटलं असतं म्हणजे?”

“त्या कापडावर दर गुरुवारी इस्त्री कोण फिरवतं? तुझी आजी?”

पण आता ऐकतंय कोण! खडूचं कोणी नाव काढेना, तळघराचं तर नाहीच नाही. हरलेली फायनलसुद्धा एका क्षणात माफ झाली. किल्ली काढून घ्यावी, यावर मतदान झालं आणि पाच हात वर गेले. नॉर्मनचा शेवटी गेला, पण गेला.

“ठेवा किल्ली,” हेगनी पुन्हा टेबलाच्या कडेवर बोट आपटलं.

डोरीनने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर धरली.

“मला आत यायला बंदी आहे, मिस्टर हेग. तुमचाच नियम. घ्या येऊन.”

हेगना उठावं लागलं. गुडघेदुखीचा माणूस, टेबलाला अख्खा वळसा घालून आला आणि त्याने तिच्या हातातली किल्ली तिच्याकडे न बघता उचलली. डोरीनला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आला तो नुसता संताप.

ती बाहेरच्या बोळात कोट चढवत होती, तेवढ्यात मागून नॉर्मन आला. त्याने आधी दार नीट लोटून घेतलं.

“डोरीन,” तो हळूच म्हणाला, “एकशे चार म्हणजे… सगळं टेबल साफ? शेवटचा काळासुद्धा?”

“हो.”

“कुठल्या पॉकेटात?”

डोरीनने वरपर्यंत बटणं लावली.

“तू काल चुकवलास, त्याच पॉकेटात.”