चोरासारखे दिसणारे

कायद्यापुढे सगळे सारखे, हे निवृत्त फौजदार तावऱ्यांचं जन्मभराचं ब्रीद होतं. म्हणूनच त्यांच्या चौकीत आधी सगळ्यांना सारखंच बडवलं जाई आणि चौकशी मागाहून होई.

चिकनगुनिया जाऊन महिने लोटले तरी त्यांची मूठ वळेना. चहाचा कपही बायको तोंडाशी धरी.

"विषाणू केव्हाच पळाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता बहुधा तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्या सांध्यांना बडवतेय."

"सांध्यांनी काय केलंय?"

"काही नाही. त्यांचा तोंडवळा विषाणूशी जुळत असावा."

"एवढ्यावर निरपराध्यांना मारायचं?" फौजदार कळवळले. "बाई, हा अन्याय आहे हो!"

"तिला वाटतं, ड्यूटीच करतेय."

"मग तिला आवरा की! वरती कुणी साहेब बसलाय की नाही?"

बायकोनं मांडीवरची पर्स उचलली. "अहो, तुमच्या चौकीतला सोनसाखळीचोरासारखा दिसणारा तो दूधवालाही हेच ओरडत होता ना?"

डॉक्टरीणबाईंनी प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या लिहून दिल्या. गुण येईलच असं नाही, म्हणाल्या.

दूधवाल्याच्या कबुलीजबाबाबद्दल मिळालेलं पदक दिवाणखान्यात अजून आहे. हल्ली ते बायको पुसते.