सातची रिंग

"जुनं नेटवर्क बंद होणार आहे, फोर-जी सिम घ्या," असा मेसेज आईच्या बटणांच्या फोनवर आला, तेव्हा मीच हसून म्हणाले होते, "फसवणारे असतात आई, लक्ष नको देऊस." आई काटोलला एकटी राहते. रोज सकाळी सातला ती एक रिंग द्यायची, मी कट करायचे. म्हणजे दोघीही ठीक. आज रिंग आलीच नाही. मी फोन लावला, तर रेकॉर्डिंगमधली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. आईला काही झालं की फोनला, मला काहीच कळेना. बाळाला कडेवर घेऊन तिच्या शेजारच्या कुसुमकाकूंना फोन केला. "काहून वं दीक्षा, लेकरू बरं हाय न? तुही माय म्हणे, पोरगी कट करून नाही राहिली, काहीतरी झालं असन. हिरवी साडी नेसून साडेसातच्या बसनं निघाली नागपूरले. उतरली का फोन करीन म्हणे." "कोणत्या फोनवरून, काकू?" "हाव वं, माह्या ध्यानातच नाही आलं, जुने फोन तं कालपासून सारेच बंद पडले!" आता अकरा वाजलेत, बस साडेनऊलाच पोचली असणार. गांधीबागेतली खोली आम्ही मागच्या महिन्यात सोडली आणि प्रताप नगरचं हे घर आईनं पाहिलेलंच नाही. नवरा बसस्टँडवर शोधतोय, मी दार उघडं टाकून बसले आहे. ती जुन्या घरी गेली असेल, की इकडेच कुठे फिरत असेल? गांधीबागेत कापडाच्या दुकानांपाशी मुका फोन पुन्हा पुन्हा कानाला लावणारी, हिरव्या साडीतली बाई दिसली, तर जरा थांबून विचाराल का, दीक्षाची आई का म्हणून?