उजवा कौल

फुलं पाण्यात बुडवताना दत्ताराम गुरवाने उजव्या हातातलं फूल जरा कमी भिजवलं. एवढंच काम होतं. ओलं फूल काळकाईच्या पाषाणाला चिकटून राहतं, कोरडं आधी सुटतं. उजवं पडलं की होय, डावं पडलं की नाही. तीन पिढ्या गुरवकी केलेल्या घरात हे ठाऊक असतंच, पण आजवर दत्तारामाने देवीच्या दारात असली लबाडी केली नव्हती.

समोर येसाजी हात जोडून बसला होता. त्याच्या डिझेलच्या मोटारीचा घोळ महिनाभरात अख्ख्या गावाला पाठ झाला होता. मुंबईच्या कुणा शेटची ती जुनी गाडी. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलेलं. महाड, पोलादपूर आणि वर घाटात तिने आठ वर्षं माणसं वाहिली. आता ती ओल्या लाकडांच्या चुलीसारखी धूर ओकायची आणि उतारावर उभी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. दुरुस्त करावी, की दासगावच्या भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हावं? बायको साळूबाई म्हणे, घालवा एकदाची ब्याद. येसाजीचं मन होत नव्हतं. शेवटी त्याने कौल लावायचं जाहीर केलं. उजवा आला तर गाडी राहणार, आजच रिकामी महाबळेश्वरला जाऊन तिथले पाहुणे खाली आणणार, आणि दुरुस्ती त्यानंतर.

जाताना रिकामीच जाणार ना, हे दत्तारामाने दोनदा विचारून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाचा जीव त्याला नको होता.

चार वर्षांपूर्वी त्याची लेक आवडी बाळंतपणात अडली. तो धावत येसाजीच्या दारात गेला. गाडी अंगणातच होती, पण तिला झेंडूच्या माळा बांधलेल्या. येसाजीच्या पुतण्याचं वऱ्हाड निघायचं होतं. वऱ्हाड पोचवतो आणि लगेच येतो, एवढंच येसाजी म्हणाला. आवडीला डोलीत घालून महाडकडे नेलं, ती वाटेतच गेली. गाडी आली ती दिवस मावळताना, माळांसकट.

दत्ताराम तेव्हा एक शब्द बोलला नाही. देवीची पूजा करणाऱ्याने शिव्याशाप द्यायचे नसतात म्हणे. मुलगा महिपत मात्र गावात टिकला नाही. बहिणीच्या तेराव्यानंतर तो मुंबईला गेला आणि टॅक्सी चालवू लागला. घरात उरले म्हातारा-म्हातारी. आणि रोज सकाळी त्याच येसाजीच्या कपाळाला अंगारा लावायचा! दत्तारामाला त्याचा असा संताप यायचा की ते बोट अंगाऱ्याऐवजी विस्तवात बुडवून त्याच्या कपाळावर टेकवावं.

मग परवा महाडच्या बाजारात कोंडाजी मिस्त्री भेटला. गाडी त्याच्याकडे तपासायला ठेवली होती, पण सकाळी तो कामावर यायच्या आत येसाजी ती घेऊनही गेला होता. कोंडाजी चिडलेला होता.

“स्टेरिंगच्या रॉडला चीर हाय,” तो म्हणाला. “सरळ रस्त्याला चालंल. घाटात वळणावर तुटला, तर गाडी थेट दरीत. दुसऱ्या कुणाला ठावं नाय. येसाजीला सांग, नवा रॉड टाकल्याशिवाय वर चढू नको.”

दत्तारामाने मान हलवली. निरोप त्याने पोटातच ठेवला. करावं तसं भरावं, असं तो देवळात येणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. आता येसाजीला भरायला लावायची वेळ आली होती.

दोन्ही फुलं त्याने देवीच्या दोन खांद्यांना लावली. इथल्या रीतीप्रमाणे गुरव फक्त गाऱ्हाणं घालतो; विचारायचं ते ज्याचं त्याने मनात धरायचं, देवीपुढे मोठ्याने बोलायचं नाही आणि गुरवाने विचारायचं नाही.

“आई, तुझ्या लेकरानं जे मनात धरलं असंल, ते करावं तर उजवं दे,” दत्ताराम म्हणाला.

येसाजीने डोळे मिटले. बराच वेळ त्याचे ओठ हलत राहिले. गालावरून पाणी ओघळलं. एका मोडक्या गाडीसाठी याला रडू येतं, दत्तारामाच्या मनात आलं, आणि माझ्या आवडीसाठी नाही आलं. होतं नव्हतं तेवढं वाईट वाटणंही मग संपलं.

उजवं फूल सुटलं आणि देवीच्या पायाशी पडलं.

उजवा कौल आला की गावाला कळावं म्हणून गुरव घंटा वाजवतो. दत्तारामाने आज ती इतक्या जोरात वाजवली की नदीपलीकडच्या वाडीतही ऐकू गेली असेल. शेवटचा टोल विरतोय तोच खाली उतारावर डिझेलचं इंजिन धडधडलं. दत्ताराम चमकला. येसाजी तर त्याच्यासमोरच बसला होता.

“गाडी कोण नेतंय, दादा?”

येसाजीने उपरण्याने डोळे पुसले आणि त्याचे दोन्ही हात धरले.

“गाव समजतंय मी दुरुस्तीचं विचारलं. ते माझं कधीच ठरलंय रे. आवडीचं पाप चार वर्सं छातीवर घेऊन फिरतोय मी, दत्तारामा. आईला विचारलं, गाडी तिच्या भावाला देऊन टाकू का. म्हणजे तुझा पोरगा तुझ्या डोळ्यांसमोर राहील. पत्र धाडून बोलावून घेतला त्याला, सकाळच्या यष्टीनं आलाय. घंटा ऐकलीस की घाटाला लाग, असं सांगून आलोय.”