पादियांचं स्वच्छ रक्त

“आमच्या रक्तात खोट निघूच शकत नाही. काय तपासायचं ते हिचं तपासा,” एदुविहेसबाई डॉक्टरांना म्हणाल्या, आणि सुनेकडे न बघताच हातातला पंखा तिच्या दिशेनं हलवला.

सून ओफेलिया काचेपलीकडच्या बाळाकडे बघत होती. लिसान्द्रो पाच महिन्यांचा. जन्मल्यावर सगळ्या बाळांना क्षयाची लस टोचतात तशी त्यालाही टोचली होती. इतरांच्या दंडावर बारीकसा वण उरतो. याच्या दंडाची जखम चिघळतच गेली, काखेत गाठ आली, मग ताप, मग न्यूमोनिया. गावाकडे आधी दृष्ट काढली, अंगावरून कोंबडीचं अंडं उतरवलं. ताप काही उतरला नाही. तेव्हा कुठे त्याला ग्वादालाहाराच्या या इस्पितळात आणलं.

आल्तोसच्या पठारावर पादिया घराण्याचा तोरा मोठा. घारे डोळे, गोरी कातडी, आणि चारशे वर्षांत रक्तात भेसळ नाही म्हणे. आमच्याकडे माणूस आधी बापाचं आणि मग आईचं, अशी दोन आडनावं लावतो. बाईंचा मुलगा फेर्मिन पादिया पादिया. एकच आडनाव दोनदा लागतं, याचीच त्यांना मिजास. गायीची जात राखावी तशी भाऊबंदांतच लग्नं लावायची आणि वर नाकानं कांदे सोलायचे.

फेर्मिननं मात्र ओफेलिया दे ला क्रूसला घरात आणलं. सिस्टरांच्या अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेली पोर, आडनावही सिस्टरांनीच दिलेलं. बाईंचे थोरले भाऊ पाद्रे आनाक्लेतो म्हणजे गावचे धर्मगुरू. त्यांनी हे लग्न लावायला साफ नकार दिला होता. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पोरगी पायरीवरची, याहून वेगळं कारण काय असणार? शेजारच्या गावचा पाद्री बोलवून लग्न उरकावं लागलं.

आता बाईंचा बेत ठरला होता. रोग हिच्या रक्तातला निघाला की बिशपकडे अर्ज करायचा. रोग लपवून लग्न केलं, सबब लग्न रद्द. बाळ पादियांकडे राहील, ही आली तिथे जाईल. अर्ज तयार होता, पाद्रे आनाक्लेतोंची सही तेवढी बाकी होती; त्यासाठीच त्यांना इस्पितळात सोबत आणलं होतं. फेर्मिन आईच्या मागे उभा राहून टोपी फिरवत होता. बायकोला घालवायला त्यानं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्या घरातल्या पुरुषांचं शौर्य पिढ्यान् पिढ्या एवढंच.

डॉक्टर बरागान यांनी अहवाल उघडला. “रोगाशी लढणाऱ्या पेशी बाळाच्या अंगात तयारच होत नाहीत. जनुकात दोष आहे. तो एकाच बाजूनं आला तर माणूस ठणठणीत राहतो. बाळाला तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलाय.”

“म्हणजे हिच्याकडून,” बाई म्हणाल्या.

“दोन्हीकडून, बाई. आणि दोष एकच, तंतोतंत. इतका विरळा दोष दोघांत असणं हा योगायोग नाही. म्हणून दोघांची बाकीची जनुकंही ताडून पाहिली. तुमचा मुलगा आणि सून एकाच घरातले आहेत. अगदी जवळच्या भावंडांसारखे. एकाचे आई किंवा वडील आणि दुसऱ्याचे आई किंवा वडील ही सख्खी भावंडं असावीत.”

बाई हसल्या. “ही? पायरीवर टाकलेली पोर आमच्या घरातली?”

बाकावर दहा-बारा पादिया पुरुष बसले होते. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही. जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला. बाईंनी दिरांवरून, मावसभावांवरून नजर फिरवली, तसा एकेकाला घाम फुटला. स्वच्छ रक्ताच्या त्या गर्दीत मान वर करून बघेल असा एक नव्हता.

“भानगडी घरी जाऊन निस्तरा,” डॉक्टर म्हणाल्या. “बाळाला अस्थिमज्जा द्यावी लागेल, नाहीतर ते महिनाभरही काढणार नाही. बापाकडच्या या सगळ्यांचं रक्त तपासलं, कुणाचंच जुळत नाही. आईकडचं कुणी आहे का?”

“कुणी नाही,” ओफेलिया म्हणाली. “मी सिस्टरांना कितीदा विचारलं. त्या म्हणायच्या, देवाला ठाऊक.”

“झालं तर मग,” बाई उठल्या. “दादा, तू सही कर. उगाच आपल्या घराण्यावर शिंतोडे उडवून घ्यायला आलो नाही आपण.”

पाद्रे आनाक्लेतो उठले. अंगावर झगा असल्यामुळे त्यांना सुई टोचायचं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बहिणीनं पुढे केलेलं पेन त्यांनी घेतलं नाही. रक्त घ्यायच्या खुर्चीवर ते जाऊन बसले आणि काळी बाही कोपराच्या वर सारली.

“बापाचे मामा ना तुम्ही, पाद्रे?” नर्सनं नळीवर चिठ्ठी चिकटवत विचारलं. “बापाकडचे म्हणून लिहिते.”

“आईकडचा म्हणून लिही, बाळ,” ते म्हणाले. “आजोबा.”