बिनतक्रारीची गाडी

साल २०२२. मंगळवार पेठेतला भांड्यांचा व्यापारी शिवपुत्र दुकानातच कोसळला आणि त्याचं हृदय थांबलं. अँब्युलन्सवरच्या शमशादनं दवाखाना येईपर्यंत घामाघूम होऊन त्याची छाती दाबली आणि त्याला परत आणलं. पुढं अँब्युलन्सच्या ऑफिसातून फीडबॅकचा फोन आला, तर आभार राहिले बाजूला, पठ्ठ्यानं तक्रारच ठोकली, "त्या बाईनं माझ्या दोन बरगड्या मोडल्या की!"

ऑफिसातल्या साहेबांनी शमशादला बोलावलं.

"साहेब, जोरात दाबल्याबिगर माणूस वाचतोय व्हय? बरगडी काय, जुळती की!"

"मॅडम, आपल्या वीरेशची वर्षभरात एक तक्रार नाही. नोकरी टिकवायची असेल, तर त्याच्याकडून शिका."

वीरेशनं तिला गाडीतच धडा दिला. "लई सोपं हाय, भाभी. पेशंटला हातच लावायचा न्हाय. चादर घालायची अन् पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसायचं."

शमशादनं त्याच दिवशी नोकरी सोडली. आता ती गारगोटीच्या शाळेत पोरांना छाती कशी दाबायची ते शिकवते. शिवपुत्र दर रविवारी जोतिबाचा डोंगर चढतो आणि वर पोचला की भेटेल त्याला बरगड्यांचं गाऱ्हाणं सांगतो. साहेबांना बढती मिळाली. वीरेशला फेटा बांधून शाल-नारळ दिला, आणि आता जिल्ह्यातल्या सगळ्या अँब्युलन्सवाल्यांना तोच प्रशिक्षण देतो.



त्याच्या गाडीत ज्यांचं हृदय थांबलं, त्यांतला एकही जण तक्रार करायला अजून उठलेला नाही.