दात धरला

"आ करा," हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा लहूमास्तरांना वाटलं, आपण दवाखानाच चुकलो. महिनाभर ताप हटत नव्हता, जिना चढताना धाप लागत होती. त्यात दातांचा काय संबंध?

तरी त्यांनी तोंड उघडलं. वरचा पुढचा दात मुळाशी काळा पडला होता आणि हिरडीतून पू येत होता. बँडमध्ये वाजवताना क्लॅरिनेटचं तोंड त्याच दाताला टेकायचं. पण लग्नसराईत दात कोण काढतो? मास्तर तिथे लवंग दाबून वराती गाजवत राहिले होते.

"तिथले जंतू रक्तात उतरले आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले," बाई म्हणाल्या. "आता ती नीट मिटत नाही. औषधं सुरू करू, पण दात काढावाच लागेल."

दात गेला की वाजवणं गेलं. मास्तरांची नजर बाईंच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे गेली. "मला ऐकू येईल का हो ते?"

बाईंनी तो त्यांच्या कानांत अडकवला आणि त्याची चकती त्यांच्याच छातीवर टेकवली. दोन ठोक्यांच्या मध्ये बारीक फुसफुस होती, फट पडलेल्या क्लॅरिनेटमधून हवा निसटते तशी.

"उभा जन्म या दातानं सूर धरला," मास्तर हसले, "आणि शेवटी माझ्यावरच दात धरला."

"मग काढायचा ना?"

"काढा. पण जरा थांबा." त्यांनी डोळे मिटले आणि ती फुसफुस कुठल्या सुरात आहे, ते हलकेच गुणगुणत शोधू लागले.