वाकड्या अंगठ्याचे फर्मे

"मी वाकून माप घेत नाही. मुलीला टेबलावर चढवा," बूट शिवणारा म्हणाला.

आईचं डोकं तिथंच तडकलं. दोन बस बदलून ती इथवर आली होती. शेजारणीनं आधीच बजावलं होतं, "हात सोन्याचे आहेत त्याचे, पण तोऱ्याकडे लक्ष देऊ नकोस. गल्लीत त्याला सरकार म्हणतात." का म्हणतात ते आता कळलं. छातीपर्यंत येणाऱ्या टेबलामागे सरकार उभे होते. गिऱ्हाईक दारात आलं तरी मान वळवली नव्हती. बोलणंही ओठांतल्या ओठांत, दातावरचा दात न हलवता. तोंड उघडलं तर जणू मोती सांडणार होते.

पाच वर्षांच्या लेकीला तिनं उचललं. पाठीला हात लागताच पोर कळवळली. सरकारांची बायको लगबगीनं पुढे आली आणि दोघींनी मिळून तिला टेबलावर बसवलं. बायको मोजे काढता काढता पोरीला गोष्ट सांगू लागली. असल्या माणसाशी या बाईनं संसार कसा केला असेल, असं आईच्या मनात येऊन गेलं.

सरकार पावलांकडे बघत राहिले. दोन्ही अंगठे आखूड होते आणि आतल्या बाजूला वळलेले.

"जन्मापासून असेच?"

"हो. दुकानातला एकही बूट बसत नाही. नाहीतर तुमच्या दारात कशाला आले असते?"

सरकारांच्या हातातली पेन्सिल घरंगळून तिच्या पायाशी पडली. ते जागचे हलले नाहीत.

"जरा देता का?"

तिनं पेन्सिल उचलून टेबलावर आपटली. सरकारच ते, त्यांची कामं दुसऱ्यांनीच करायची!

"पाठीला काय झालंय हिच्या?"

"गाठ आलीय. शाळेत घसरगुंडीवरून पडली, त्यानंतर. उद्या सकाळी कापून काढणार आहेत. रडली नाही तर नवे बूट, असं कबूल केलंय तिला."

"कापू देऊ नका."

"काय?"

"गाठ कापू देऊ नका. तपासायला तुकडासुद्धा काढू देऊ नका."

"बूट शिवणाऱ्यानं बूट शिवावेत," ती फटकन म्हणाली. "डॉक्टरकी करायला डॉक्टर आहेत."

सरकारांना राग आलेला दिसला नाही. बायकोला ते म्हणाले, "ते फर्मे काढ."

बायको क्षणभर घुटमळली. मग तिनं खणातून कापडात गुंडाळलेली जोडी आणली. पावलाच्या आकाराचे लाकडी साचे, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले. लहान मुलाचे. अंगठे आखूड, आत वळलेले. आईनं एक फर्मा लेकीच्या पावलाशेजारी धरला. बोटभर मोठा होता, इतकाच काय तो फरक.

"कुणाचे हे?"

"एका मुलाचे. सात वर्षांचा होता. त्याच्या बापानं इथं, याच दुकानात कोरले. त्यालाही अशीच गाठ आली. आईबापांनी कापून घेतली. त्यांचा दोष नाही, डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं. दहा लाखांत एखाद्याला होतं म्हणे. या आजारात मार लागला, कापलं, की तिथलं मांस हाड व्हायला लागतं. कापलेल्या जागी दुप्पट हाड आलं. आधी पाठ गेली, मग मान, मग खांदे."

बायको खाली मान घालून कापडाची घडी घालत होती. उलगडलेली घडी पुन्हा घालत होती. दुकानात पोराबाळाची कसलीच खूण नव्हती, आणि हे फर्मे मात्र जिवापाड जपलेले. म्हणून हा माणूस असा दगड झाला तर! तिला आपल्याच जिभेची लाज वाटली.

"वाईट झालं हो," ती हळू आवाजात म्हणाली. "पण एका मुलाचं तसं झालं म्हणून..."

"डॉक्टरांना अंगठे दाखवलेत?"

"गाठ पाठीवर आहे. अंगठे कशाला दाखवू?"

"खूण तिथंच असते. जन्मापासून." सरकारांनी कागद ओढला. "एक डॉक्टरबाई आहेत, त्यांना हे ठाऊक आहे. पत्ता लिहून देतो."

"उद्या आठला बोलावलंय आम्हाला. हिच्या बाबांनी रजा काढलीय. घरी जाऊन काय सांगू, बूटवाले नको म्हणाले?"

सरकार लिहीत राहिले. बायको पोरीला कडेवर घेऊन खिडकीशी गेली. आईला राहवलं नाही.

"पुढे काय झालं त्या मुलाचं?"

"पंधराव्या वर्षी कंबर आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, एकदा सांधा धरला की आहे त्याच स्थितीत धरला. मग त्यालाच विचारलं, जन्मभर बसून राहायचंय की उभं? विचार कर आणि सांग."

"असं विचारलं? पंधरा वर्षांच्या पोराला?" तिचे डोळे भरून आले. "काय सांगितलं त्यानं?"

सरकारांची पेन्सिल पुन्हा निसटली. या वेळी टेबलाला लावलेल्या कातडी पडद्याआड गेली.

"जरा देता का?"

ती मुकाट्यानं वाकली आणि तिनं पडदा वर केला.

आत जमिनीत एक फळी रोवलेली होती. तिला टेकून सरकार उभे होते, कमरेला आणि मांड्यांना रुंद पट्टे आवळून. पायांत सुबक काळे बूट होते. दोन्ही बुटांची टोकं अंगठ्यापाशी आखूड होती आणि आत वळलेली.

"पत्ता पूर्ण लिहा, दादा," ती टेबलाखालूनच म्हणाली.